झुरक्याच्या वाटा

आपल्या मराठीत 'गांजेकस' असा एक शब्द आहे. हल्ली तो फारसा कानावर पडत नाही, पण माझ्या लहानपणी गावातल्या दोन-चार माणसांची ओळखच तेवढी होती. या शब्दाचा मागचा तुकडा फारसीतून आलेला आहे. 'कशीदन' म्हणजे ओढणे. त्यातूनच 'कश' आला, ज्याला आपण झुरका म्हणतो. तेव्हा गांजेकस म्हणजे गांजा ओढणारा. भांग पिणाऱ्याला मात्र कुणी भांगकस म्हणालं नाही. त्याच्यासाठी 'भंगड' असा वेगळा शब्द आहे. झाड एकच, पण एक जण ते ओढतो आणि दुसरा ते पितो, एवढ्यावरून भाषेने दोघांना दोन नावं देऊन टाकली. शरीराच्या दृष्टीने पाहिलं तर भाषेचं हे वर्गीकरण अगदी बरोबर आहे, आणि आजचं माझं बोलणं त्याच्याबद्दलच आहे.

तसा मी वैद्यकातला माणूस नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कवितेच्या नादाला लागलो. कवी म्हणून कॉलेजांतून बोलावणी येतात. काव्यवाचन संपलं, हार-नारळ झाले, की चार-पाच मुलं मागे घुटमळत राहतात. पूर्वी ती वृत्त आणि मुक्तछंदाबद्दल विचारायची. अलीकडे कुणीतरी हळूच विचारतं, "सर, कवी लोक घेतात ना?" मग गप्पा सुरू होतात. मुलांची माहिती पक्की असते, निदान त्यांना ती तशी वाटते. सिगारेट वाईट, पण गांजा नैसर्गिक. चिलीम गावंढळ आणि कडक, विडीत भरून घेतला तर सौम्य. पाण्यातून ओढला तर धूर धुऊन निघतो. मशीनमधली वाफ घेतली तर धूरच नाही, मग त्रास कसला? आणि भांग? ती तर सणासुदीला घरातली मोठी माणसंही घेतात.

यातल्या प्रत्येक समजुतीत तिळाएवढं सत्य आहे. म्हणूनच त्या टिकून आहेत. नुसतं 'वाईट आहे, करू नका' म्हटलं की मुलं मान डोलावतात आणि निघून जातात. म्हणून मी डॉक्टर मित्रांना विचारत गेलो, त्यांनी दिलेलं वाचत गेलो. जे हाती लागलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी झाडाकडे पाहू. पानांची ती भांग. मादी झाडाच्या चिकट फुलोऱ्याचा तो गांजा. आणि त्या फुलोऱ्यावरची राळ चोळून गोळा केली की तो चरस. या झाडात शंभराहून अधिक खास रसायनं आहेत, पण तार लावणारं मुख्य रसायन एकच, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. आपण त्याला थोडक्यात टीएचसी म्हणू. इस्रायलमधल्या राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी या शास्त्रज्ञांनी १९६४ साली ते शुद्ध रूपात वेगळं करून त्याची रचना सांगितली.

गंमत अशी, की हिरव्या झाडात टीएचसी जवळजवळ नसतंच. तिथे असतं ते त्याचं आम्लरूप, आणि त्याने तार लागत नाही. उष्णता मिळाली की त्या आम्लातला एक भाग सुटून जातो आणि मग टीएचसी तयार होतं. पाला वाळवून साठवला तर हेच काम सावकाश होतं, जाळला तर क्षणात. बकरीने ओला पाला खाल्ला आणि माणसाने तोच वाळवून ओढला, यात एवढा फरक का पडतो, त्याचं कारण हे आहे.

मेंदूत टीएचसी कुठे जाऊन बसतं, ते १९८८ साली अमेरिकेत कळलं. पेशींवर त्याच्यासाठी जणू कुलपंच बसवलेली असतात. मग प्रश्न आला, की आपल्या मेंदूत दुसऱ्या एका झाडाच्या किल्लीचं कुलूप कशाला? १९९२ मध्ये उत्तर मिळालं. शरीर स्वतःच तशी एक किल्ली बनवतं. भूक, वेदना, स्मृती, भीती यांचा तोल ती सांभाळते. ती शोधणाऱ्यांनी तिला नाव दिलं 'आनंदामाइड'. आपलाच संस्कृत 'आनंद' शब्द त्यांनी घेतला. कवी म्हणून मला हे नाव फार आवडतं. पण त्यातली ग्यानबाची मेख अशी, की शरीर ही किल्ली लागेल तेव्हा, लागेल तिथे, चिमूटभर बनवतं आणि काम झालं की मोडून टाकतं. बाहेरून येणारं टीएचसी सगळीकडे एकदम पसरतं आणि लवकर निघतही नाही. ते चरबीत विरघळतं. म्हणून रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याच्या खुणा कित्येक आठवडे सापडतात.

आता वाटांकडे वळू. पहिली वाट फुप्फुसाची.

फुप्फुसातले सगळे वायुकोश उलगडून अंथरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांचा एक फ्लॅट. एवढ्या पातळ आणि एवढ्या पसरलेल्या पडद्यामागे रक्त वाहत असतं. झुरका आत गेला की टीएचसी काही सेकंदांत रक्तात, तिथून हृदयात आणि पुढे मेंदूत पोचतं. रक्तातलं प्रमाण दहा मिनिटांच्या आत कळस गाठतं, तार अर्ध्या तासापर्यंत चढत जाते आणि दोन-तीन तासांत उतरते. ओढणाऱ्याला आपल्याला किती चढली ते लगेच कळतं, म्हणून तो हात आखडता घेऊ शकतो. ही या वाटेची जमेची बाजू, असं तिचे समर्थक म्हणतात. पण याच वेगाला दुसरी बाजू आहे. झुरका आणि सुख यांत जेमतेम मिनिटाचं अंतर असलं की मेंदू ती गाठ पक्की मारून ठेवतो. हातातली विडी, काडेपेटीचा आवाज, ठरलेला कट्टा, ठरलेले मित्र, सगळंच मग ओढ लावायला लागतं.

दिल्लीच्या 'एम्स'ने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली जाहीर झाली. तिच्यानुसार देशात वर्षभरात सुमारे ३.१ कोटी लोकांनी या झाडाचा कुठला तरी पदार्थ घेतला होता. भांग घेणारे सुमारे २.२ कोटी, तर गांजा-चरस घेणारे सुमारे १.३ कोटी. काही जण दोन्हीकडे मोजलेले आहेत. भांगवाले जास्त असूनही, घातक सवय लागलेल्यांचं प्रमाण गांजा-चरसवाल्यांत अधिक आढळलं. ओढण्याच्या पदार्थात टीएचसी जास्त असतं हे एक कारण, आणि वाटेचा वेग हे दुसरं. भंगड आणि गांजेकस असे दोन शब्द का, ते या आकड्यांतूनही दिसतं.

सर्वांत सोपी पद्धत विडीची, जिला मुलं जॉइंट म्हणतात. झुरका ओढताना पेटत्या विडी-सिगारेटचं टोक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. एवढ्या उष्णतेत कुठलाही पाला जळला की कार्बन मोनॉक्साईड, डांबर आणि घशा-फुप्फुसाला झोंबणारे वायू निघतातच. पाला तुळशीचा असो, तंबाखूचा असो की गांजाचा. 'नैसर्गिक' हा शब्द काडी लागेपर्यंतच खरा. २००८ साली कॅनडाच्या सरकारी शास्त्रज्ञांनी यंत्राने दोन्ही धूर ओढून तपासले, तेव्हा गांजाच्या धुरात अमोनिया तंबाखूच्या धुराच्या वीस पटीपर्यंत निघाला. हायड्रोजन सायनाईडही काही पट अधिक भरला.

त्यात भर ओढण्याच्या तऱ्हेची. लॉस एंजलिसचे डॉ. डोनाल्ड टॅश्किन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये दोन्ही प्रकार ओढणाऱ्यांची मोजमापं घेतली. गांजाचा झुरका तंबाखूच्या झुरक्यापेक्षा सुमारे दोन तृतीयांशाने मोठा होता, एक तृतीयांशाने अधिक खोल होता, आणि श्वास चौपट वेळ रोखून धरलेला होता. परिणाम असा, की रक्तातल्या कार्बन मोनॉक्साईडची वाढ जवळजवळ पाचपट आणि छातीत गेलेलं डांबर सुमारे तिप्पट. तंबाखूवाला दिवसाला वीस ओढतो आणि गांजावाला दोन-तीन, म्हणून हिशोब सोपा वाटतो. पण एकेका झुरक्याचं वजन सारखं नाही.

श्वास रोखण्याचं म्हणाल तर ती निव्वळ रूढी आहे. झुरका छातीत जितका वेळ कोंडावा तितकी तार जास्त, असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत हे तपासून पाहिलं गेलं, तेव्हा रोखण्याचा वेळ वाढवूनही तार फारशी वाढली नाही. टीएचसीचा बराचसा भाग पहिल्या काही सेकंदांतच रक्तात गेलेला असतो. मागे राहतं ते डांबर. त्याला वेळ मिळाला की ते निवांत बसून घेतं.

आता चिलीम. आपल्या मातीतली ही सगळ्यांत जुनी रीत. इथे मठी आणि तकिया यांत भेद नाही. नदीकाठच्या बैराग्याकडे होती तशीच ती दर्ग्यालगतच्या फकिराकडेही होती. मातीची सरळ नळी, वर रुंद, खाली निमुळती. निखारा घशात येऊ नये म्हणून आत एक खडा. खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी, आणि दोन्ही मुठींची पोकळी करून ओढायचं. दोन-चार झुरक्यांत ते फडकं तपकिरी होतं. ते पाहून माणसाला वाटतं, बघा, सगळा मळ इथेच अडकला. पण धुराचे कण एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असतात. फडकं राख अडवतं आणि थोडं डांबर अडवतं. बारीक कण आणि वायू त्याला जुमानत नाहीत. तपकिरी छापी बघून आत काय गेलं असेल त्याचा अंदाज तेवढा करावा.

चिलमीचा झुरका मोठा असतो, धूर गरम असतो आणि एका दमात पुष्कळ आत जातो. पण तिचे खरे दोन दोष वेगळेच आहेत. एक, आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूबरोबर मळूनच भरतात. त्यामुळे आपण गांजा सोडू शकत नाही असं ज्याला वाटतं, तो पुष्कळदा निकोटिनच्या दाव्याला बांधलेला असतो. एका चिलमीतून दोन व्यसनं लागतात आणि माणूस नाव मात्र एकाचंच घेतो. जॉइंटमध्ये तंबाखू मिसळणाऱ्यांनाही हे लागू आहे.

दुसरा दोष सोबतीचा. चिलीम एकट्याने ओढत नाहीत, ती फिरते. तिच्याभोवती बसलेल्यांत जातपात राहत नाही, असं तिचं कौतुकही होतं. पण फुप्फुसाच्या क्षयाला कोंदट जागा आणि खोकणारी माणसं एवढंच लागतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात एकाच पाण्याच्या नळीतून गांजा ओढणाऱ्या मित्रांमध्ये क्षय पसरल्याची नोंद २००३ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. तिथे क्षय दुर्मिळ, म्हणून नोंद झाली. जगात सर्वाधिक क्षयरोगी आपल्या देशात आहेत. इथल्या कट्ट्यांवर अशी मोजणी कोण करणार?

शहरातल्या मुलांची आवडती समजूत पाण्याची. काचेची बाँग काय किंवा आपली जुनी गुडगुडी काय, तत्त्व एकच, धूर पाण्यातून बुडबुडत वर येतो. पाणी धूर गार करतं, हे खरं. पण गार म्हणजे स्वच्छ नव्हे. कार्बन मोनॉक्साईड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बारीक कण बुडबुड्याच्या पोटात बसून पलीकडे जातात. १९९६ साली अमेरिकेत अशा काही नळ्यांची तपासणी झाली. ती करवून घेणाऱ्या संस्था गांजाच्या विरोधातल्या नव्हत्या, उलट बाजूच्याच होत्या. त्यांनाही असं आढळलं, की पाण्यातून आलेल्या धुरात डांबराच्या मानाने टीएचसीचं प्रमाण साध्या विडीपेक्षा कमी असतं. म्हणजे तेवढीच तार लागायला उलट जास्त धूर ओढावा लागणार.

शिवाय गार धूर घशाला लागत नाही. खोकला हा आपला पहारेकरी आहे. पाणी त्या पहारेकऱ्याला झोपवतं, चोराला अडवत नाही. झुरका मग आणखी मोठा आणि आणखी खोल जातो.

मग वाफेचं काय? यात पाला जाळत नाहीत, दोनशे अंशांच्या आसपास तापवतात. टीएचसी वाफेत येतं, पाला पेटत नाही. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की जळण्यातून येणारं डांबर आणि कार्बन मोनॉक्साईड या पद्धतीत खरोखरच फार कमी असतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या २००७ च्या अभ्यासात तसं दिसलं होतं. पण छातीचा त्रास कमी झाला म्हणून डोक्याचा कमी होत नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०१८ मध्ये, गांजा क्वचितच घेणाऱ्या १७ जणांना मोजून सारखीच मात्रा एकदा धुरातून आणि एकदा वाफेतून दिली. वाफेतून घेतल्यावर रक्तातलं टीएचसी अधिक निघालं, अस्वस्थता अधिक, चुकाही अधिक. जळण्यात जे वाया जायचं ते वाफेत वाचलं, आणि वाचलेलं सगळं मेंदूच्या खात्यात जमा झालं.

त्यात बाजारात आली ती तयार तेलाची नळकांडी. २०१९ साली अमेरिकेत धडधाकट तरुण धाप लागून दवाखान्यात येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, ६८ जण दगावले. बहुतेकांनी टीएचसीच्या तेलाची वाफ घेतली होती. तेल दाट करायला कुणीतरी ई जीवनसत्त्वाचं एक रूप त्यात मिसळलं होतं. तेच त्वचेला लावलं किंवा गोळीतून पोटात गेलं तर सहसा काही होत नाही, पण फुप्फुसात गेल्यावर त्याने घात केला. पोट सहन करतं ते फुप्फुस सहन करीलच असं नाही. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये २००७ च्या सुमारास वजन वाढवण्यासाठी गांजात शिसं मिसळलं गेलं, आणि ओढणाऱ्या तरुणांना शिशाची विषबाधा झाली. चोरट्या मालावर ना घटकांची यादी असते, ना तक्रारीचा पत्ता. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं बंद आहे. तेव्हा तशा उपकरणातून मिळतं ते सगळंच चोरट्या वाटेने आलेलं असतं.

दुसरी वाट पोटाची. मराठीत 'भांगेत तुळस' म्हणतात. भांगेच्या रानात एखादी तुळस उगवावी, तसं वाईटांत एखादं चांगलं माणूस निपजणं. इथे मात्र लोक भांगेलाच तुळस समजतात. महाशिवरात्र, होळी, थंडाईचा पेला. धूर नाही, म्हणजे फुप्फुसाची काळजी मिटली, हे खरंच. पण हिशोब इथे संपत नाही.

पोटातून गेलेलं टीएचसी आधी यकृतात जातं. तिथे त्याचा मोठा भाग खर्ची पडतो आणि दहाव्या हिश्शाच्या आसपासच रक्तात पोचतो. पण यकृत त्यातून आणखी एक पदार्थ बनवतं. तो मेंदूत सहज शिरतो आणि त्याचा अंमल मूळ टीएचसीपेक्षा कमी नसतो. या सगळ्याला वेळ लागतो. भांग चढायला अर्धा ते दीड तास, कळस गाठायला दोन-तीन तास, आणि उतरायला सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त. पोट रिकामं की भरलेलं यावरही ते अवलंबून. इथेच घात होतो. पहिला पेला पिऊन माणूस अर्धा तास वाट बघतो, काहीच होत नाही, म्हणून दुसरा घेतो. मग दोन्ही पेले हातात हात घालून चढतात. झुरका थांबवता येतो, पोटात गेलेला पेला परत घेता येत नाही. होळीच्या दुपारी 'मी मरतोय' म्हणून दवाखान्यात येणारी माणसं बहुतेक याच घोटाळ्यातली. आणि गोड चव असल्याने घरातल्या लहान मुलाने उरलेला पेला तोंडाला लावला, तर त्याच्या वजनाच्या मानाने ती मात्रा फार मोठी ठरते. सणाच्या घरात एवढी खबरदारी तरी घ्यावीच.

आता, वाट कुठलीही असो, काय बदलत नाही? डोळे लाल होणं हे धुरामुळे असं लोकांना वाटतं, पण भांगेनेही डोळे लाल होतात, कारण रक्तवाहिन्या फुगतात. हृदयाचे ठोके मिनिटाला २० ते ५० ने वाढू शकतात. २००१ साली अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्यांच्या अभ्यासात, गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका एरवीच्या ४.८ पट दिसला. विशीतल्या निरोगी मुलाचा मुळातला धोका नगण्य, त्याच्या पाचपट म्हणजे अजूनही थोडाच. पण पन्नाशीतल्या, रक्तदाब असलेल्या माझ्यासारख्याने हा आकडा नीट वाचावा.

अतिशयोक्ती मला करायची नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये तोवरचं सगळं संशोधन चाळून सांगितलं, की गांजा ओढण्याने जुनाट खोकला आणि कफ होतो याचा भक्कम पुरावा आहे, पण फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दिसलेला नाही. हे जसंच्या तसं सांगावं. त्याच अहवालात असंही आहे, की वापर जितका जास्त तितका स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकारांचा धोका जास्त. स्वीडनमधल्या सुमारे ४५ हजार सैन्यभरतीच्या तरुणांची पंधरा वर्षांची कहाणी १९८७ साली प्रसिद्ध झाली होती. पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत हा विकार सहापट आढळला. सगळ्यांना तो होत नाही, बहुतेकांना होत नाही. पण कुणाला होईल हे आधी कपाळावर लिहिलेलं नसतं, आणि मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. या धोक्याला छापी लागत नाही, पाणी लागत नाही.

ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये आपल्या देशात या विषयावर मोठा आयोग नेमला होता. ११९३ साक्षीदार तपासले गेले. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी आयोगाने उघडून पाहिल्या, तेव्हा वेडाचं कारण म्हणून 'गांजा' हा शब्द पुष्कळदा नीट चौकशी न करताच लिहिलेला निघाला. माफक वापराने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण आयोगापुढचा मुख्य गांजेकस प्रौढ होता. आज माझ्यापुढे घुटमळणारा मुलगा सतरा वर्षांचा आहे, आणि सुरुवात जितकी लवकर तितकं सुटणं कठीण. एकूण घेणाऱ्यांत दहातला एक अडकतो असं अमेरिकी संशोधन सांगतं. किशोरवयात सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सहातला एक असं होतं.

राहिला कवितेचा प्रश्न, कारण मुलांनी सुरुवात त्यानेच केली होती. झिंगेत शब्द भराभर सुचतात असं वाटतं खरं. पण टीएचसीचा पहिला घाला पडतो तो ताज्या स्मृतीवर. आत्ता ऐकलेलं, आत्ता सुचलेलं धरून ठेवणारी जी जागा मेंदूत आहे, तिथे त्या कुलपांची दाटी असते. कविता लिहिणं म्हणजे पहिली ओळ मनात धरून चौथीपर्यंत चालणं. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात हातातून सुटत असेल, तर सुचलेलं टिकणार कशात? मुलांना मी एवढंच सांगतो, की हा माझ्या धंद्याला न परवडणारा सौदा आहे.

शेवटी घरातल्यांसाठी दोन शब्द. गांजा आणि चरस १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहेत. नुसती पानं त्या कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत, पण महाराष्ट्रात भांगेवरही दारूबंदी कायद्याचं बंधन आहे. त्याच १९८५ च्या कायद्यातल्या ६४-अ कलमाने, व्यसनात अडकलेला माणूस आपणहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळण्याची सोय ठेवली आहे. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हे काम करत आहे. १४४४६ या सरकारी क्रमांकावर फोन करायला पैसे पडत नाहीत.

आणि कधी रात्री-बेरात्री मुलाला घेऊन दवाखान्यात जायची वेळ आलीच, तर लाजेपोटी 'काहीतरी खाल्लं' म्हणू नका. काय घेतलं, किती वाजता घेतलं आणि ओढलं की प्यायलं, हे तिन्ही सांगा. ओढलं असेल तर कळस बहुधा होऊन गेलेला असतो, प्यायलं असेल तर अजून चढायचा असतो. डॉक्टरने त्याला घरी सोडायचं की रात्रभर नजरेखाली ठेवायचं, हे त्या उत्तरावर ठरतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)